फिश टँकचा फिल्टर नक्की कधी बदलायचा, आणि त्यातला कुठला भाग?

फिल्टर कधी बदलायचा असं दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं असतंय, महिन्यातनं एकदा. बॉक्सवर पण तेच छापलेलं. आता कार्ट्रिज, म्हणजे फिल्टरच्या आत बसणारी तयार चौकट, विकायचं ज्यानं, त्यानंच ते कधी टाकून द्यायचं ते सांगायचं, म्हटल्यावर दुसरं काय सांगणार तो. खरी गोष्ट अशी की ज्याला आपण फिल्टर म्हणतो ती एक वस्तू नाहीच, आत कापूस असतो, स्पंज असतो, चिनी मातीच्या छोट्या रिंगा असतात, कार्बन असतो, मोटर असते आणि यातल्या प्रत्येकाचं आयुष्य वेगळं. कापूस आठ-पंधरा दिवसांत संपतो, कार्बन महिनाभरात, स्पंज वर्षानुवर्षं चालतो, आणि रिंगा तर तुम्ही टँक विकला तरी पुढच्या मालकाकडं निवांत चालत राहतील. म्हणून हे सगळं एकाच दिवशी नवीन घालायचं हा प्रकार आधी डोक्यातनं काढून टाका, नवीन लोकांचे जितके मासे आजारानं मरत नसतील तितके या 'स्वच्छते'नं मरतात असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी झाकण काढून आत काय आहे ते बघा

प्लग काढा. स्विच बंद केला म्हणजे झालं असं नाही, प्लगच काढायचा, ओल्या हातानं विजेशी खेळ नको.

आपल्याकडं घराघरांत साधारण चार प्रकार दिसतात. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, म्हणजे बुडबुडे सोडणारा तो काळा गोळा. पाण्यात बुडवून काचेला चिकटवलेला पॉवर फिल्टर, त्यात एक छोटा स्पंज आणि वर मोटर. टँकच्या वर आडवा ठेवलेला टॉप फिल्टर, ज्यात मोटर पाणी वर ओढते आणि ते कापूस-रिंगांमधनं खाली पडतं. आणि काचेच्या कडेला बाहेरनं टांगलेला हँगिंग फिल्टर, त्यात बहुतेकदा कार्ट्रिज असतंय. मोठा टँक असेल, प्लांटेड म्हणजे खऱ्या झाडांचा असेल, तर खाली कपाटात कॅनिस्टर, म्हणजे झाकणाचा बंद डबा. वाळूखाली प्लेट टाकायची जुनी पद्धत अजून काही घरांत, हॉटेलांत दिसते, तिथं बदलायला काहीच नसतंय, वाळूच सायफननं साफ करत राहायची.

तुमच्याकडं यातलं कुठलं आहे ते कळलं की आतला माल तीन गटांत पाडा. घाण अडवणारा म्हणजे कापूस आणि स्पंज, बॅक्टेरिया राहतात तो म्हणजे रिंगा, बायोबॉल (प्लास्टिकचे जाळीदार गोळे) आणि परत स्पंजच, आणि तिसरा पाण्यातलं काहीतरी शोषून घेणारा, म्हणजे कार्बन किंवा झिओलाइट. स्पंज दोन्हीकडं आला बघा, सगळा गोंधळ तिथंच होतो.

तो तपकिरी चिखल म्हणजे घाण नव्हे (सगळी तरी नव्हे)

मासे शी करतात, उरलेलं खाणं कुजतं, त्यातनं अमोनिया तयार होतो. अमोनिया माशांना विष. फिल्टरमधले एका जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, ते पण विषच, मग दुसरे बॅक्टेरिया नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे त्यामानानं सौम्य, आणि ते आपण दर आठवड्याला थोडं पाणी बदलून काढून टाकतो. ही साखळी नवीन टँकमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आणि हे बॅक्टेरिया पाण्यात तरंगत नसतात हो, ते चिकटून बसलेले असतात, स्पंजच्या भोकांत, रिंगांवर, थोडेफार वाळूत आणि काचेवर. त्यामुळं टँकचं पाणी अर्धं बदललं तरी त्यांना फार फरक पडत नाही, पण स्पंज फेकला की निम्मी-अधिक वस्ती गेली.

आपल्याकडं यातला सगळ्यात वाईट काळ म्हणजे घट बसायच्या आधीचे आठ दिवस. घरातली सगळी वाकळं, पडदे, चादरी धुवायला निघालेल्या असतात, कुणीतरी प्रेमानं फिश टँकचा फिल्टर पण नळाखाली धरतं, आणि भांड्याचा साबण लावून पांढराशुभ्र करून परत बसवतं. साबणाचा अंश माशांना चालत नाही आणि नळाच्या पाण्यातला क्लोरीन बॅक्टेरियाला चालत नाही, म्हणजे नुकसान दोन्हीकडनं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, टँकच्या फिल्टरला कुणी हात लावायचा नाही म्हणून.

बदलायची वेळ आली हे कशावरनं ओळखायचं

रंगावरनं नाही आणि तारखेवरनं पण नाही, धारेवरनं ओळखा. फिल्टर नवीन असताना किंवा नुकताच साफ केल्यावर एक लिटरचा मग धारेखाली धरायचा आणि मोबाईलवर सेकंद मोजायचे. समजा १० सेकंदांत भरला, म्हणजे ताशी ३६० लिटर. हा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्याशेजारी लिहून ठेवा. नंतर कधी शंका आली की परत मग धरायचा, १५ सेकंद लागले तर साफ करायची वेळ झाली, २० लागले तर उशीर झाला. पॉवर फिल्टर पाण्यातच असतो त्याला मग धरता येत नाही, तिथं तोंडासमोरची झाडाची पानं किती हलतात, खाण्याचा दाणा किती लांब ढकलला जातो ते बघत जा, आठवडाभरात नजर बसते.

ताशी किती लिटर पाहिजे? टँकमधलं पाणी तासाला चारेक वेळा फिरलं की घरगुती टँकला पुरतंय. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ साधारण ५६ लिटर बसतं, वाळू-दगड आणि वरची रिकामी जागा सोडली तर पंचेचाळीस-पन्नास. म्हणजे ताशी २०० लिटर खरी धार मिळाली तर ठीक. बॉक्सवर लिहिलेला आकडा आत कापूस-स्पंज काही नसतानाचा असतो, त्याच्यावर जाऊ नका.

आता खरी परीक्षा. धार कमी झाली, तुम्ही स्पंज नीट धुतला, धार परत पहिल्यासारखी आली, तर स्पंज चांगला आहे, बदलायचं काही कारण नाही. धुऊन पण धार आली नाही, किंवा दोन-तीन दिवसांत परत मरगळली, तर मग दोनच शक्यता, एक तर स्पंजची आतली भोकं कायमची बुजलीत नाहीतर मोटरमध्ये काहीतरी आहे. स्पंज काढून मोटर नुसती चालवून बघा, धार जोरात आली तर दोष स्पंजचा, नाही आली तर मोटरचा.

एकेक भाग घेऊ

कापूस. पांढरा फिल्टर कापूस बारीक कचरा पकडतो आणि पटकन भरतो. हा बिनधास्त फेका. चोथा झाला, वरनं पाणी ओसंडायला लागलं की नवीन घाला. एक-दोनदा हलकं धुऊन वापरला तरी चालतो पण नंतर त्याचा लगदा होतो. औषधाच्या दुकानातला कापूस मात्र घालू नका, तो पाण्यात सुटतो आणि धागे मोटरमध्ये जातात.

स्पंज. टँकमधलंच पाणी एका बादलीत काढायचं आणि त्यात स्पंज चार-पाच वेळा दाबायचा, पाणी चहासारखं झालं की बास, शेवटचा काळा थेंब निघेपर्यंत पिळायचं नाही. दाबून सोडल्यावर तो फुगून परत आकारात येतो का बघा. येत असेल तर अजून खूप आयुष्य आहे. चपटाच राहत असेल, कडा झडत असतील, बोटाला चुरा लागत असेल, मध्ये भोक पडलं असेल आणि पाणी त्याच भोकातनं पळत असेल, तर बदला. रंग काळाकुट्ट झाला हे कारण नव्हे.

रिंगा आणि बायोबॉल. यांना जवळपास हातच लावायचा नाही. दोन-तीन महिन्यांतनं टँकच्या पाण्यात एकदा हलवून काढल्या की झालं. हातात घेतल्यावर चुरा होत असेल तरच बदलायच्या, आणि त्या पण एका वेळी तिसरा हिस्सा, मग महिनाभर थांबायचं, मग पुढचा तिसरा हिस्सा.

कार्बन. हा पाण्याचा पिवळेपणा, वास आणि दिलेल्या औषधाचा उरलेला अंश ओढून घेतो आणि तीन-चार आठवड्यांत भरून जातो. पाण्याला परत पिवळी झाक आली, झाकण उघडल्यावर वास यायला लागला की समजायचं, संपला. उन्हात वाळवून किंवा तव्यावर भाजून तो परत चालू होत नाही, काहीजण सांगतात तसं. आणि खरं सांगू का, रोजच्या टँकला कार्बन लागतच नाही, औषधाचा कोर्स झाल्यावर आठवडाभर घातला की बास, त्या पैशात कापूस घ्या. औषध चालू असताना मात्र कार्बन काढून ठेवायचा, नाहीतर औषध तोच पिऊन टाकतो.

झिओलाइट, ते पांढरट खडे, अमोनिया ओढतात. हे मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवून स्वच्छ धुतले की परत कामाला येतात. पण याचाच अर्थ असा की टँकमध्ये खडे असताना तुम्ही मासा आजारी पडला म्हणून मीठ टाकलं तर धरलेला अमोनिया परत पाण्यात सुटतो. मीठ टाकायच्या आधी खडे बाहेर.

कार्ट्रिज, यावर माझा जरा राग आहे. प्लास्टिकच्या चौकटीत कापूस आणि आत चिमूटभर कार्बन, आणि ते दर महिन्याला अख्खं बदला म्हणतात, म्हणजे कार्बनबरोबर बॅक्टेरिया पण कचऱ्यात. त्यापेक्षा मापाचा जाड स्पंज कापून कार्ट्रिजच्या मागच्या जागेत कायमचा बसवून टाका. वस्ती स्पंजवर होऊ दे, मग कार्ट्रिज कधी बदललं तरी बिघडत नाही, हळूहळू त्या चौकटीत स्वतःच कापूस भरायला लागाल.

मोटर. आवाज करायला लागली, खरखर, टकटक, की आधी आतला पंखा बाहेर काढा, तो लोहचुंबकावर असतो, ओढला की निघतो. त्याला शेवाळ, केस, झाडाची मुळं गुंडाळलेली असतात. बोअरचं पाणी वापरत असाल तर पांढरा क्षार पण बसलेला असतो, त्याला व्हिनेगरमध्ये तासभर ठेवून जुन्या टूथब्रशनं घासा आणि भरपूर धुवा. साफ करून पण आवाज येत असेल तर दांडी झिजलीय किंवा पात्याचा तुकडा गेलाय, पंखा सुटा मिळतोय का ते मॉडेल नंबर सांगून आधी विचारा, अख्खी मोटर लगेच घेऊ नका. वायर कडक होऊन तडकली असेल किंवा पाण्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मात्र विचार करत बसायचं नाही, त्याच क्षणी मोटर बाद.

एअर पंपाचे बुडबुडे कमी झाले तर आधी एअर स्टोन (नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा खडा) काढून नळी नुसती पाण्यात धरा. बुडबुडे जोरात आले तर स्टोन बुजलाय, तो स्वस्तात मिळतो, बदला. नाही आले तर पंपातला रबरी पडदा फाटलाय. कॅनिस्टरवाल्यांनी झाकणाची रबरी रिंग बघत जा, तिला सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नको, रबर खराब होतं.

नवीन भाग घालायचा तो असा

समजा स्पंज बदलायचाच आहे. नवीन स्पंज आणला की साध्या पाण्यात धुऊन घ्या, साबण नाही. मग जुना काढून टाकायच्या आधी नवीन त्याच्या शेजारी तीन-चार आठवडे चालू द्या. स्पंज फिल्टर असेल तर हे सोपं, एअर पंपाच्या नळीला टी (एका नळीच्या दोन करणारा जोड) लावून दोन्ही चालवायचे. फिल्टरमध्ये जागाच नसेल तर जुना आणि नवीन दोन्ही अर्धे कापून एकत्र बसवा. ते पण जमत नसेल तर जुना स्पंज नव्यावर पिळा, तो तपकिरी गाळ म्हणजे विरजण आहे, आणि मग तो जुना स्पंज मोटरच्या धारेत कुठंतरी लटकवून ठेवा महिनाभर, दिसायला घाण दिसतंय पण मासे जगतात.

ज्या दिवशी फिल्टरला हात लावला त्या दिवशी वाळू उपसायची नाही, मोठं पाणी बदलायचं नाही, नवीन मासे आणायचे नाहीत. सगळं एकेक आठवड्याच्या अंतरानं. पुढचे आठ-दहा दिवस खाणं निम्मं करा. पाहुण्याला आग्रह करून वाढायची आपली सवय माशांच्या बाबतीत बाजूला ठेवा, दोन मिनिटांत संपेल तेवढंच.

आणि या दिवसांत टेस्ट किट वापरा. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट बरं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) आत, असं पाहिजे. अमोनिया ०.२५ जरी दिसला तरी चतुर्थांश पाणी बदला आणि खाणं थांबवा. फिल्टर बदलल्यावर तीन-चार दिवसांनी पाणी दुधट झालं तर घाबरून परत फिल्टर धुवायला घेऊ नका, तो बॅक्टेरियाचाच फुलोरा असतो, आपणहून बसतो.

कोल्हापूरच्या पावसाळ्याचं वेगळं बघायला लागतं

जून-जुलैत पंचगंगा चढली की नळाला कधी गढूळ पाणी येतं, आणि क्लोरीनचा वास पण वाढलेला असतो. हे पाणी थेट टँकमध्ये ओतलं तर बारीक गाळ कापसात बसतो आणि एरवी पंधरा दिवस चालणारा कापूस चार दिवसांत चोंदतो. लोक म्हणतात फिल्टर गेला. फिल्टर कुठं गेलाय, पाणी बघा. बादलीत, बॅरलमध्ये एक दिवस उघडं ठेवा, गाळ खाली बसतो आणि क्लोरीन उडून जातो, घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब. गावाकडं आडात टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) टाकलेल्या दिवशी तर अजिबात ते पाणी घेऊ नका. आणि पिण्याच्या पाण्याला तुरटी फिरवतो तशी टँकच्या पाण्याला फिरवायची नाही, पीएच खाली येतो.

बोअरचं पाणी क्षाराचं, नदीचं तेवढं नाही, त्यामुळं वर्षभर नळाचं घालून पुराच्या आठवड्यात अचानक अर्धा टँक बोअरनं भरला तर माशांना झटका बसतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि शहराचं पाणी बंद पडलं होतं, तेव्हा प्यायला टँकरच्या रांगा होत्या तिथं माशांसाठी पाणी कोण देणार. म्हणून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडं सरकायला लागली, ४३ च्या धोका पातळीची वाट न बघता, एक बॅरल भरून ठेवायचं, खाणं कमी करायचं आणि कापसाचं जादा पाकीट घरात आणून ठेवायचं.

लाईट गेली तर काय? तास-दोन तास काही होत नाही. पाच-सहा तास गेली तर बंद फिल्टरच्या आत ऑक्सिजन संपतो आणि बॅक्टेरिया मरायला लागतात, कॅनिस्टरमध्ये तर लवकर. अशा वेळी स्पंज आणि रिंगा बाहेर काढून सरळ टँकच्या पाण्यात ठेवा, बॅटरीचा एअर पंप लावा. लाईट आल्यावर आतलं कुजलेलं पाणी ओतून देऊन मगच फिल्टर चालू करायचा, नाहीतर ते सगळं एका झटक्यात टँकमध्ये. हँगिंग फिल्टरमध्ये पाणी भरून द्यायला विसरू नका, कोरडी मोटर जळते.

याच्यात फिल्टरचा दोष नाही

पाणी हिरवं झालंय? ऊन लागतंय किंवा लाईट दिवसभर चालू आहे, नवीन फिल्टर घेऊन काही होणार नाही. मासे वर येऊन तोंड मारतायत? एप्रिल-मेच्या उकाड्यात गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आधी एअर पंप वाढवा, मग अमोनिया तपासा. दर आठवड्याला फिल्टर चोंदतोय? दीड फुटाच्या टँकमध्ये सहा गोल्डफिश आहेत का ते मोजा, किंवा ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न असला एखादा खादाड, तिथं फिल्टर बदलायचा नसतो, मोठा किंवा अजून एक जास्तीचा लावायचा असतो. आणि निळं औषध (मेथिलीन ब्लू) टाकल्यानंतर अमोनिया वाढला तर ते औषधच बॅक्टेरियाला लागलंय, म्हणून आजारी मासा वेगळ्या बादलीत काढून तिथं औषध द्यावं.

आणि हे वाचायच्या आधीच सगळं धुऊन झालं असेल तर

होतंय असं. मग आता टँक नवीनच आहे असं धरून चाला. रोज अमोनिया तपासा, दिसला की पंचवीस ते पन्नास टक्के पाणी बदला, ठेवलेलं, क्लोरीन उडालेलं. दोन दिवस खाणं पूर्ण बंद, नंतर दिवसाआड चिमूटभर, निरोगी मासे इतक्यानं मरत नाहीत. एअर पंप रात्रंदिवस चालू. आणि ज्याचा टँक सहा महिने तरी नीट चाललाय, मासे तब्येतीनं आहेत, कुठल्या माशाला पांढरे ठिपके वगैरे नाहीत, असा मित्र किंवा ओळखीचा दुकानदार गाठा आणि त्याच्याकडनं चालू फिल्टरमधला मळका स्पंज किंवा मूठभर रिंगा मागून घ्या. त्याच टँकचं पाणी घातलेल्या पिशवीत आणायच्या, वाटेत चहाला थांबायचं नाही, ओल्या असतानाच तुमच्या फिल्टरमध्ये घालायच्या.